आर्पेनिक योगर्ट म्हणायला शिकली

आर्पेनिक माझी थोरली जाऊ. तिचा मुशेघ थोरला भाऊ, माझा वानिक धाकटा. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी दुधाचं पातेलं तिच्यापुढे ठेवलं आणि मला म्हणाल्या, "नीट बघून घे. तुझ्या आईनं काय शिकवलं ते तिकडंच राहू दे."

आर्पेनिकनं दूध उकळलं, उतरवलं, थोड्या वेळानं त्यात करंगळी बुडवली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "बोट ओढून घ्यावंसं वाटलं तर दूध गरम. राहू द्यावंसं वाटलं तर गार. ओढू का ठेवू हे कळेनासं झालं, की विरजण लाव."

आमच्या गावात मात्सून घरोघरी लागतं. दूध, चमचाभर कालचं मात्सून आणि वर गुंडाळायला घोंगडी. यात वेगळं ते काय असणार? पण आर्पेनिकचं मात्सून सुरीनं कापावं असं घट्ट लागायचं आणि त्याचा आंबटपणा जिभेला टोचायचा नाही. माझ्या मात्सूनला कधी पाणी सुटायचं, कधी ते तार धरायचं. "तुझं मात्सून आमच्या धाकट्या भाऊजींसारखं आहे गं," ती म्हणायची, "उभंच राहत नाही." सासूबाई ऐकलंच नाही असं दाखवून पदराआड हसायच्या. वानिक उठून गोठ्यात जायचा.

घोंगडी उघडायच्या वेळी तिची नाझेली आधीच पातेल्यापाशी येऊन बसलेली असायची. वरची पिवळी साय तिची. ती कुणाला, अगदी बापालाही मिळायची नाही. मुशेघ मुद्दाम बोट पुढे करायचा आणि पोर त्याला चावायची. एकुलती एक होती, पाच वर्षांची. बोलणं आईसारखंच, अखंड.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात भूकंप झाला तेव्हा मी आणि वानिक बाहेर गवताच्या गंजीपाशी होतो, म्हणून वाचलो. सासूबाई शेजारच्या अंगणात होत्या. आर्पेनिक आणि नाझेली घरात होत्या. मुशेघ स्पिताक शहरात कामावर गेला होता, त्याचा देह चार दिवसांनी आणला.

घर म्हणजे दगडांचा ढीग झालेला. वानिकनं आणि शेजाऱ्यांनी हातांनी दगड उपसले. आर्पेनिक बेशुद्ध होती, तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. तिला ट्रकमध्ये घालून तिबिलिसीच्या दवाखान्यात नेलं. नाझेलीचा उजवा पाय दाराच्या चौकटीखाली सापडला होता. तिला हेलिकॉप्टरनं दुसरीकडे नेलं. मायलेकींची तोंडं दोन दिशांना झाली आणि दोघींपैकी एकीलाही ते कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. मदतीला आलेले परदेशी डॉक्टर म्हणाले, आम्ही इंग्लंडला नेतो, तिथं पाय वाचेल. विमान उभं होतं. होकार द्यायला घरचं मोठं माणूस हवं होतं, आणि मोठं म्हणून सासूबाई तेवढ्या उरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगी आहे. तिला दोन पायांवर उभी करून आणा." चूक म्हणावी असं त्यात काय आहे? मी आजही त्यांना बोल लावत नाही.

आर्पेनिकला हे सगळं कळलं तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं. वानिक तिबिलिसीला गेला आणि एकाच बैठकीत दोन्ही सांगून आला. मुशेघ गेला हे ऐकून ती रडली. नाझेली विलायतेला आहे हे ऐकून रडायची थांबली. म्हणाली, "तिला स्वेटर कुणी घातला?"

वानिकला आठवेना.

"भाऊजी, स्वेटर घातला होता का नाही?"

"घातला होता, वहिनी," वानिक म्हणाला. खोटंच.

ती काठी टेकत गावात परतली तेव्हा आम्ही सगळे सरकारी लाकडी खोपटांत राहत होतो. त्यांना दोमिक म्हणायचे. तात्पुरती म्हणून आलेली ती खोपटं, आमची अर्धी उमर त्यांत गेली. तिचं आणि सासूबाईंचं दोमिक आमच्या दोमिकला लागूनच. आमचं जुनं विरजण ढिगाऱ्याखाली गेलं होतं. मी माझ्या माहेराहून वाटीभर आणलं. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "तुझ्या माहेरचं? म्हणजे आता माझंही उभं राहणार नाही." त्या वर्षात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

फोनसाठी तालुक्याच्या पोस्टात जावं लागे. नंबर लावून बाकावर ताटकळायचं. इंग्लंडात नाझेलीला डोरीन नावाच्या बाईनं घरी ठेवून घेतलं होतं. तिला स्वतःची मुलं नव्हती. सुरुवातीला पोर फोनवर नुसती रडायची, "आई ये, आई ये." मग सांगायला लागली की इथं कुत्रा आहे. मग तिची वाक्यं आखूड झाली. एक ऑपरेशन, मग दुसरं, मग हाडाला पू झाला, मग पुन्हा ऑपरेशन. एका खेपेला आर्पेनिक बोलत होती, बोलत होती आणि तिकडून काहीच येईना. शेवटी पोर इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि फोन डोरीनच्या हातात गेला.

पोस्टाच्या पायऱ्या उतरताना आर्पेनिक मला म्हणाली, "आवाज मोठा झालाय तिचा, नाही?"

"हो ताई."

"काय म्हणाली गं ती?"

मला कुठं ठाऊक!

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात नाझेली आली. सोबत डोरीन. उंच, हाडापेराची, चेहराभर तांबडे ठिपके. येरेवानच्या विमानतळावर आम्ही सगळे फुलं घेऊन उभे. आठ वर्षांची नाझेली डोरीनच्या झग्याला धरून, किंचित लंगडत आली. आर्पेनिक मोडक्या कंबरेनं खाली बसली, हात पसरले. पोर डोरीनच्या मागे लपली.

डोरीन वाईट बाई नव्हती. तिनं पोरीला पुढे ढकललं, स्वतः खाली बसली, आर्पेनिकचा हात घेऊन पोरीच्या गालावर ठेवला. आठवडाभर ती आमच्यात राहिली, दोमिकच्या फळीवर झोपली. गेली त्या दिवशी नाझेली गाडीमागे धावली. लंगडा पाय घेऊन पार पुलापर्यंत. वानिकनं उचलून आणली तेव्हा त्याच्या हातावर दातांचे वण होते.

मग दोमिकमध्ये मायलेकी राहिल्या आणि दोघींत भाषा नाही. पोर आमचं एक अक्षर बोलेना. तिकडं तिला "नेली" म्हणायचे, नाझेली म्हटलं तर वळूनही बघायची नाही. जेवायची नाही. पावाचा तुकडा आणि पाणी, बस्स. आणि रडत एकच शब्द म्हणायची. योगर्ट. सकाळी योगर्ट, संध्याकाळी योगर्ट.

आर्पेनिकला वाटलं एखादं औषध असेल. मग वाटलं कुत्र्याचं नाव असेल. मग वाटलं काहीतरी खायचं असेल, तिकडच्या दुकानातलं, जे आपल्याकडे मिळत नाही. ते दिवसही असे की दुकानात मीठ आणि काडेपेट्याच असायच्या. तिनं वानिकला शहरात पाठवलं. तो बाजारभर विचारून आला. लोकांनी त्याला साबण दाखवला.

शेवटी ती सेद्राक मास्तरांकडे गेली. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. इंग्रज माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो डोरीनच्या रूपानं, आणि तिच्याशी बोलताना त्यांना इतका घाम फुटला होता की बिचारीनं त्यांना पाणी दिलं. मास्तरांनी जाडा शब्दकोश काढला, चष्मा पुसला, बोटानं ओळी चाळत गेले आणि मान वर करून आर्पेनिककडे बघत राहिले.

"काय आहे मास्तर? महाग आहे?"

"आर्पेनिक, मात्सून आहे ते."

"कुठं मात्सून आहे?"

"योगर्ट म्हणजे मात्सून. इंग्रजीत मात्सूनला योगर्ट म्हणतात."

मी सोबत होते. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पोर तीन आठवडे ज्याच्यासाठी रडत होती ते तिच्या उशाशी घोंगडीत गुंडाळलेलं होतं. काठी तिथंच टाकून ती पळाली. कंबरेचं हाड मोडलेली बाई पळते कशी ते मी तेव्हा पाहिलं.

घरी येऊन तिनं वाडगं भरलं, वर साय ठेवली, पोरीपुढे धरलं आणि म्हणाली, "योगर्ट!"

नाझेलीनं चमचा तोंडात घातला आणि थुंकला. तोंड वाकडं करून नाही, नाही म्हणत मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मास्तरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी अडखळत विचारलं, पोरीनं सांगितलं. तिकडचं योगर्ट गोड असतं, गुलाबी असतं, त्यात स्ट्रॉबेरी असते.

आर्पेनिकसारख्या बाईला मात्सूनमध्ये साखर म्हणजे पाप. पाहुण्यानं मागितली तरी ती द्यायची नाही. त्या दिवशी तिनं माझं दार वाजवलं. "शोघिक, तुझ्याकडे मुरंबा आहे का? लाल असला तर बरा."

माझ्याकडे लग्नकार्यासाठी जपलेली स्ट्रॉबेरीची एक बरणी होती. ती दिली. मुरंबा कालवून मात्सून गुलाबी झालं, पोरीनं वाडगं चाटूनपुसून खाल्लं, आणि आर्पेनिक कोपऱ्यात पाठ करून उभी राहिली.

त्या दिवसापासून तिनं मात्सून हा शब्दच सोडला. माझ्याशी बोलतानाही योगर्ट. "शोघिक, योगर्टला दूध पुरेल का?" रोज संध्याकाळी मास्तरांकडून दोन-दोन शब्द शिकायची. ये. खा. थंडी. दुखतं का. शेजारची वार्दुश पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "काय आर्पेनिक, तुझी गाय आता इंग्रजीत हंबरते म्हणे?"

"हंबरते ना. काल तुझं नाव घेत होती. पुढचा शब्द मास्तरांनी सांगितला नाही, लाजले."

बायका हसल्या, वार्दुशही हसली. बऱ्याच दिवसांनी जुनी आर्पेनिक दिसली होती.

मग तो हिवाळा आला. सीमेवर युद्ध पेटलेलं, वीज नाही, गॅस नाही, रस्ते बंद. पत्र्याच्या शेगडीत आम्ही झाडाची मुळं जाळली, मग कुंपणं, मग शाळेचे बाक. थंडीनंच त्या दोघींना जवळ आणलं असं मी म्हणेन. पोर आधी आपल्या खाटेवर कुडकुडायची, मग आईच्या पांघरुणात शिरली. आर्पेनिक तिचा दुखरा पाय आपल्या दोन पायांत धरून झोपायची. अंधारात करायला काही नाही, म्हणून बोलायचं. पोरीच्या तोंडात एकेक शब्द परत यायला लागला. आधी "पाणी". मग "आई". मग आमच्या दोमिकच्या भिंतीतून मला त्या दोघींची कुजबुज ऐकू यायची, मध्येच पोरीचं खिदळणं. ती वानिकला चिडवायलाही शिकली. सासूबाई म्हणायच्या, "आली माझी बाई परत."

मुरंबा कधीच संपला होता. फेब्रुवारीत एकदा मी त्यांच्याकडे बसले होते. आर्पेनिकनं वाडगं पुढे ठेवलं, कसंनुसं हसत म्हणाली, "योगर्ट." नाझेलीनं मान हलवली. "मात्सून," ती म्हणाली आणि खायला लागली. नुसतंच. वर मीठ मागितलं.

एवढं सुख त्या घरानं पाहिलं. मार्चमध्ये पायाला सूज आली. आत धातूची पट्टी होती आणि पोर वाढत होती. जखम उघडली, ताप चढला. वानिक आणि आर्पेनिक तिला घोड्याच्या गाडीतून शहरात घेऊन गेले. दवाखान्यात डॉक्टर गारठ्यामुळे जाड कोट घालून काम करत होते. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे भूल नाही, औषध नाही, रात्री दिवा नाही. मी फक्त पाय कापू शकतो, आणि त्यातूनही ती उठेल असं सांगत नाही. कुठं पाठवता येत असेल तर पाठवा. लवकर."

मदतीचे लोक अजून शहरात होते. त्यांनी डोरीनला कळवलं. तिनं तिकडून सगळं जुळवलं. विमानात जागा एकीची होती, पोरीची.

मी आर्पेनिकला म्हणाले, "ताई, दुसऱ्यांदा? आत्ता कुठं तुझी झालीये."

ती पोरीचे कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "पहिल्यांदा मी बेशुद्ध होते. या खेपेला शुद्धीत पाठवते. एवढाच काय तो फरक."

"अगं, पण ती पुन्हा विसरेल."

"विसरू दे," ती म्हणाली. हातातली घडी मोडून तिनं पुन्हा घातली. "विसरायला तरी जिवंत राहू दे."

नाझेलीला सांगितलं, आठ दिवसांत परत यायचं. पोरीनं ते मानलं नाही. गाडी आली तेव्हा तिनं आईच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेना. तापानं फणफणलेली पोर, पण हातांत काय जोर! आणि ती ओरडत होती ते आमच्या भाषेत. स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. "आई, मी योगर्ट मागणार नाही! आई, मी पुन्हा कधीच योगर्ट मागणार नाही!"

आर्पेनिकनं तिची बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्या कुणाला सोडवू दिली नाहीत. गाडी गेल्यावर ती आत आली, दुधाचं पातेलं शेगडीवर होतं ते उतू गेलं होतं, ते तिनं पुसलं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाय वाचला. तिकडं आणखी कितीतरी ऑपरेशनं झाली, पण वाचला. परत येण्याची गोष्ट मात्र मागे पडत गेली. आमच्याकडे युद्ध, तिकडे शाळा. आर्पेनिकनं जायचं ठरवलं त्या वर्षी सासूबाईंना अर्धांग झालं. सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि आर्पेनिकनं त्यांचं सगळं केलं. मी म्हणायची, "मी बघते, तू जाऊन ये." ती म्हणायची, "जाऊन काय करू? ती फोनवर येत नाही, दारात येईल?"

ते खरंच होतं. पोर फोनवर येतच नसे. डोरीन सांगायची, झोपलीये, अभ्यास करतेय. आर्पेनिक मास्तरांकडून शिकलेल्या इंग्रजीत म्हणायची, "नेलीला सांगा, जेव." आणि ठेवून द्यायची.

नाझेली आली ती तेवीस वर्षांची होऊन. सोबत येरेवानहून दुभाषी म्हणून आणलेली एक कॉलेजची मुलगी. नाझेली देखणी झाली होती, मुशेघची उंची, मुशेघचं कपाळ. चालताना लंगडत नव्हती. तिनं आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, पाहुणी घेते तसे. आर्पेनिकनं दोन दिवस खपून टेबल मांडलं होतं. सगळे बसलो. आर्पेनिकनं वाडगं उचलून तिच्यापुढे केलं आणि म्हणाली, "योगर्ट." त्याच क्षणी नाझेलीही वाडग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मात्सून."

दोघीही थांबल्या. 

आमच्या भाषेतला नाझेलीला तेवढा एक शब्द येत होता. बाकी सगळं दुभाषी मुलीमार्फत. रस्ते कसे आहेत, गाय किती दूध देते. मग नाझेलीनं चमचा खाली ठेवला आणि ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. 

"काय म्हणाली?" आर्पेनिकनं विचारलं.

"मावशी, ते... नंतर सांगते," दुभाषी मुलगी म्हणाली.

"आत्ता सांग गं पोरी."

मुलीनं खाली बघत सांगितलं. "ती विचारते, का पाठवलंस? मी नको म्हणत होते. मला आठवतंय."

आर्पेनिकनं हात पदराला पुसले. "सांग तिला, पाय राहिला नसता. कदाचित जीवही."

ते सांगून झालं. नाझेली पुन्हा बोलली, या वेळी मोठ्यानं. मुलीचे डोळे भरले होते. "ती म्हणते, मी एका पायावर राहिले असते. इथं."

आर्पेनिकनं ऐकलं. मान हलवली. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "सांग, बरोबर आहे तिचं." मग उठून ती गायीकडे गेली. धारेची वेळही नव्हती. नाझेली तिच्यामागे गेली नाही. दोन दिवसांनी ती परत गेली. नंतर दर नवीन वर्षाला तिचा फोन यायचा. दोघी एकमेकींना तब्येत विचारायच्या, आपापल्याला येतं तेवढ्यात.

आर्पेनिक गेली ती चौदा साली, शरदात. सकाळी दार उघडलं नाही म्हणून मी गेले. फोन मीच लावला. तिकडून लहान मुलाचा आवाज आला. मला इंग्रजी येत नाही. मी फक्त म्हणत राहिले, "आर्पेनिक. आर्पेनिक." मुलानं कुणाला तरी हाक मारली. नाझेली फोनवर आली, मी पुन्हा नाव घेतलं आणि रडले, आणि तिला कळलं.

तिच्यासाठी आम्ही एक दिवस थांबलो. ती एकटी आली. शवपेटीभोवती आमच्या बायका नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसाशी बोलत, आक्रोश करत होत्या. वार्दुश तर आर्पेनिकला शिव्याच घालत होती, मला न सांगता गेलीस म्हणून. नाझेली उशाशी उभी राहून त्यांच्या तोंडांकडे बघत होती. बायका तिच्या पायांकडे बघत होत्या. दफनभूमी वर टेकडीवर आहे. पाऊस झालेला, चिखल. ती सरळ चालत चढली.

माती देऊन लोक उतरले तरी ती तिथंच बसून राहिली. मी थांबले. मग ती आईशी बोलायला लागली, इंग्रजीत. आधी सावकाश, मग भरभर. हातवारे करत, मध्येच रागावत, मध्येच नाक पुसत. किती वेळ बोलली. मास्तरही कधीच गेले होते, दुभाषी मुलगी या खेपेला आणली नव्हती. त्या टेकडीवर ते समजणारं कुणी नव्हतं. मी नुसती "हो बाळा, हो" म्हणत राहिले.

अंधारून आलं तेव्हा ती गप्प झाली. चिखल निसरडा होता, म्हणून तिनं माझा हात धरला आणि आम्ही खाली आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती इंग्लंडला परत गेली.